मामांचे कान आणि मामींची कॅसेट

म्हैसूरला आमच्या घरमालकांबरोबर सिनेमाला जायचं म्हणजे निघताना फाटकाशी झडती द्यावी लागायची. खरंच सांगते! ते आमच्या पर्सा उघडायला लावायचे. चकली? बाहेर. शेंगदाणे? बाहेर. चुरचुरणारी प्लॅस्टिकची पिशवी सापडली की असा चेहरा करायचे, जशी काही मी त्यांच्या घरातली भांडी पळवून नेत होते. पहिल्याच खेपेला माझ्या काचेच्या बांगड्या उतरवून घेतल्या. "परत आल्यावर घाल गे," म्हणाले, "तिथं हिरॉइन बांगड्या घालून येणार. तिच्या ऐकू की तुझ्या?"

सिनेमाला न्यायचं खाणं तेच ठरवायचे. केळं चालेल. तुपाळ, मऊ म्हैसूरपाक चालेल. फारच हट्ट केला तर दहीभात, तोसुद्धा लाकडी चमच्यानं, कारण स्टीलचा चमचा डब्याला लागतो. मी साताऱ्याची, सिनेमाला गेलं की वडापाव आणि वेफर्स हा माझा जन्मसिद्ध हक्क. आणि इथे मी अंधारात बसून दहीभात खात होते! आईला फोनवर सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना.

कडकोळच्या एका कारखान्यात मला नोकरी लागली आणि मी म्हैसूरला आले, तेव्हा यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं मिळाला. घरमालक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मामी, म्हणून मीही. कितीतरी पिढ्यांपूर्वी म्हैसूरला येऊन राहिलेलं मराठी घराणं. त्यांचं मराठी ऐकून पहिला महिना मी नुसती मान डोलवत होते. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मधेच कन्नडात शिरायचं आणि भलत्याच दारानं बाहेर पडायचं. मी एकदा हसले, तर मामा म्हणाले, "हसू नको. आमचं मराठी जुनं आहे. तुझंच काल शिवलेलं."

थिएटरात आत शिरलं की मामांचा दुसरा कार्यक्रम. खेळ सुरू व्हायच्या आधी मधोमध उभे राहून एक खणखणीत टाळी वाजवायची. मग डोळे मिटून ती कुठून कशी परत येते ते ऐकायचं. मग चार पावलं मागं, पुन्हा टाळी. लोक माना वळवून बघायचे आणि मी मोबाइलमध्ये तोंड खुपसून, हा मनुष्य आपल्या ओळखीचाच नाही असं दाखवायची. तेवढ्यात हाक यायची, "ए साताऱ्याची! इकडे ये, इथं बस, इथं आवाज गोल आहे!" आवाज गोल आहे म्हणजे काय, ते मला कधीच कळलं नाही. पण खरं सांगते, त्या खुर्चीवर बसलं की पडद्यावरचा पाऊस थेट मानेवर पडायचा.

आता त्यांचं सदा बरोबरच निघायचं असं अजिबात नाही हं. एकदा एका मल्टिप्लेक्सात त्यांनी मध्यंतरात मॅनेजरला बोलावून घेतलं आणि डाव्या बाजूचा स्पीकर मेला आहे म्हणून असं काही सुनावलं की त्या बिचाऱ्यानं दोन माणसं वर चढवली. स्पीकर ठणठणीत. मामा ऐकेनात. "मी फिजिक्स शिकवलंय, मला सांगू नका!" दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मामांच्या डाव्या कानातून मळाचा हा एवढा गोळा काढला. मामींनी ती बातमी भाजीवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना पोचवली. मामांनी मात्र त्या मॅनेजरकडे जाऊन माफी मागितली, आणि जाताना त्याला किलोभर केळी नेली.

घरी टीव्हीपुढे तर ते नुसते उधाणलेले असायचे. माझं आणि भुताच्या सिनेमांचं वाकडं. भूत दिसायच्या आधीच मी उशीमागे. एका रविवारी मामांनी मला ओढून बसवलं, टीव्हीचा आवाज पार बंद केला आणि शेजारी रेडिओवर कन्नड क्रिकेट कॉमेंट्री लावली. विहिरीतून पांढरी बाई केस सोडून वर येतेय, आणि रेडिओवाला घसा फोडून ओरडतोय की चेंडू सीमापार गेला! हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. ती बाई बिचारी हात पुढे करून आली, तर मामा म्हणाले, "बघ, कॅच सोडली हिनं."

पण खरी गंमत पुढच्या आठवड्यात. मामांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बघ हे." मी गच्चीवर कपडे वाळत घालतेय. बस्स, एवढंच. त्यांनी खालून माझ्या नकळत शूट केलेलं, आणि त्याच्यावर घातला होता पेटीचा एकच सूर, खालचा, लांबलचक, अधूनमधून थांबणारा. आई शप्पथ, माझ्या अंगावर काटा आला! मी चादर झटकली, कठड्याकडे वळले, आणि वाटलं, गेली! आता ही पडणार! मला माहीत होतं की मी पडले नाही. मी तिथं जिवंत बसून ते बघत होते. तरी हात घट्ट मुठीत. मामा नाचायचे तेवढे बाकी होते. "डोळा म्हणजे भोळा गिऱ्हाईक गे! कान सांगेल ते खरं मानतो! अल्वा? हौदो अल्लवो?" खरं की नाही, हे ते अशा वेळी कन्नडातच विचारायचे. उत्तराची वाट बघायचे नाहीत.

सिनेमातल्या पार्श्वसंगीताला ते फोडणी म्हणायचे. बेताची असली तर वासानंच भूक लागते, आणि जास्त झाली की आतली डाळ कुठली, ते कळतच नाही. बाई रडायला लागली आणि व्हायोलिनं सुरू झाली की मामा पडद्यावर खेकसायचे, "अय्यो, थांबा की! तिला आधी रडू तर द्या!" मला वाटायचं, हा विक्षिप्तपणा. एवढा राग कशाला त्या व्हायोलिनांचा? त्याचं कारण मला फार पुढं कळलं, आणि तेही माझ्याच चोंबडेपणामुळे.

झालं असं, की कुणाच्या तरी लग्नाहून आम्ही परतलो होतो. तिघंही जेवून तट्ट. मी सहज विचारलं, "मामा, तुमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट असेल ना? दाखवा की!" मामा एकदम उठले आणि झाडांना पाणी घालायला बाहेर गेले. झाडांना पाणी तासाभरापूर्वीच घालून झालं होतं. मामी हसल्या, पण ते काही हसू नव्हतं.

"कॅसेट आहे की," मामी म्हणाल्या. "ट्रंकेत आहे. एकदाच बघितली. परत नाही लावू दिली यांना."

मग मामींनी सांगितलं. त्यांचे वडील, अप्पा, मंगलाष्टकं गाण्यात अख्ख्या समाजात प्रसिद्ध. म्हैसुरातल्या मराठी घरात मुलीचं लग्न ठरलं की आधी छत्र, म्हणजे कार्यालय, बुक करायचं, आणि त्याच दिवशी अप्पांना सांगून ठेवायचं. ते अंतरपाटाशी उभे राहून गायला लागले की वरपक्षाचे हट्टी पाहुणेसुद्धा डोळे पुसायचे. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात ते काय गातील, याची सगळ्यांना केवढी उत्सुकता! आणि नेमका मुहूर्त जवळ आला, अप्पा गायला पुढे होणार, तोच वरपक्षातल्या एका उतावळ्या काकांनी "गट्टी मेळ! गट्टी मेळ!" म्हणून आरोळी ठोकली. तिकडे मुहूर्ताच्या घटकेला सनई-ढोल एकदम जोरात वाजवतात, त्याला गट्टी मेळ म्हणतात. झालं! ढोल असा सुटला की शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येईना. मामी अंतरपाटाआड मान खाली घालून उभ्या. अप्पा गायले, पण मामींच्या कानावर अक्षर पडलं नाही.

"म्हटलं, असू दे, कॅसेटमध्ये जवळून ऐकू येईल," मामी म्हणाल्या. "कॅसेट आली. लावली. अप्पांनी तोंड उघडलं, आणि आतून काय निघालं? सिनेमातलं युगुलगीत! लता-बिता कोण ती, आलाप घेतेय! त्या वेळी तशी पद्धतच होती गे, खरा आवाज पुसायचा आणि वर सिनेमाची गाणी घालायची. आणि गाणी निवडली कुणी? यांनी! नवरदेवांनी! रात्र रात्र बसून याद्या केल्या. माझ्या बापाच्या तोंडात बाईचा आवाज घातला यांनी."

 मी हळूच विचारलं, की मग अप्पांनाच परत गायला नाही का सांगितलं?

"कितीदा! प्रत्येक माहेरपणाला. म्हणायचे, लग्नाचं गाणं लग्नातच, घरात नाही म्हणत. आणि मग गेलेच ते. सगळ्यांच्या मुलींना ऐकायला मिळालं गे. माझं तेवढं राहिलं."

बाहेर नळ चालूच होता.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर मामा जिन्यात उभे. हातात ती कॅसेट. डोळे असे चमकत होते की मला आधी वाटलं, ताप आलाय. "ही कॉम्प्युटरवर उतरवून आण," म्हणाले. "गाणी सगळी काढून टाकायची. आणि लग्नाचा आवाज परत घालायचा. सगळा! पहिल्यापासून!"

"अप्पांचं गाणं ऐकू येणार?" मागून मामींनी विचारलं. त्या दारात उभ्या होत्या, हाताला कणीक.

"येणार," मामा म्हणाले. मामींकडे न बघता म्हणाले, पण म्हणाले.

मग काय विचारता! तीन आठवडे त्या घराचा स्टुडिओ झाला. मामांनी गल्लीला कामाला लावलं. अक्षता पडल्याचा आवाज कसा काढायचा? तांदूळ केळीच्या पानावर टाकून बघितले, सुपात टाकून बघितले, शेवटी माझ्या रेशमी साडीच्या पदरावर टाकले, तेव्हा मामा ओरडले, "हेच! हेच ते!" लग्न म्हणजे लोखंडी घडीच्या खुर्च्या, त्यांचा खडखडाट हवाच, म्हणून देवळातून चार खुर्च्या आणल्या. समोरचे टेलर काका त्या लग्नाला स्वतः हजर होते, त्यांनी तेव्हाच्या जेवणाच्या पंगतीतलं ओरडणं पुन्हा जसंच्या तसं ओरडून दाखवलं, "सांबार! सांबार! इकडे पळ्य नाही वाढलं, भाजी!" ऐकून मामी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. ढोल-सनईला देवळातले खरे मेळवाले. मीसुद्धा कारखान्यातून सुटले की पळत घरी. एवढी मजा मला त्या शहरात आधी कधी आली नव्हती.

आणि अप्पांचं गाणं? त्यासाठी नंजनगूडचे भाऊ. अप्पांचे सख्खे पुतणे, त्यांच्याच हाताखाली मंगलाष्टकं शिकलेले. आवाज हुबेहूब अप्पांचा, असं सगळे म्हणायचे. मामी त्यांना रोज फोन करायच्या. "भाऊ, गरम पाणी पीत जा. आईस्क्रीम बेडा हं, अजिबात नको." रविवारी दुपारी दिवाणखान्यात चादर लावून, प्रोजेक्टर मागून आणून सगळ्यांसमोर दाखवायचं ठरलं. मामींनी अख्ख्या गल्लीला आमंत्रण दिलं. बायकांना सांगत होत्या, "माझ्या अप्पांचं गाणं आहे, या." मला तर रविवार कधी येतो असं झालं होतं.

शनिवारी संध्याकाळी मामा आणि मी लॅपटॉपपुढे बसलो. भाऊंनी कुठे श्वास घ्यायचा, कुठे सूर लांबवायचा, ते अप्पांच्या ओठांवरून ठरवायचं होतं. मी गाणं बंद केलं. चित्र चालू. अप्पा पुढे आले, अंगावर शेला, तोंड उघडलं.

"परत लाव," मामा म्हणाले.

मी परत लावलं. मग परत. मग अगदी हळू करून लावलं. मामा स्क्रीनला नाक लावून बसले होते. एकदम उसळले, "बघ! बघ गे! आम्हाला वाटायचं लांब सूर धरलाय! त्या बाईचा आलाप वर होता ना, म्हणून! ओठ बघ, हलतात कुठे? हे गात नाहीत! आवाजानं फसवलं आम्हाला! मी म्हणत होतो ना, डोळा कानाचं ऐकतो म्हणून..." आणि तिथंच थांबले. हळूच खुर्चीत बसले.

अप्पा गात नव्हते. तोंड उघडं होतं, पण त्यातून काही निघत नव्हतं. त्यांनी सुरुवात केली होती, पहिल्या शब्दाला ओठ हलले होते. मग गळा वरखाली झाला, तोंड पुन्हा उघडलं, आणि तसंच राहिलं. शेजारच्या कुणीतरी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी शेल्याचं टोक डोळ्यांना लावलं. वर युगुलगीत असताना ते घाम पुसताहेत असं वाटायचं. ढोलामुळे मांडवात बाकी कुणाला कळलं नाही, आणि गाण्यामुळे कॅसेटमध्ये कुणाला दिसलं नाही. त्यांनीही कधी कुणाला सांगितलं नाही. मग माहेरपणाला परत काय गाणार होते ते!

 खाली स्वयंपाकघरात मामी उद्यासाठी रवा भाजत होत्या, त्याचा खमंग वास वर येत होता.

"मामा," मी म्हटलं, "भाऊंना गाऊ द्या. ते छान गातील. मामी खूश होतील. कुणाला काय कळतंय?"

"मला कळतंय की."

"पण त्या किती वर्षं वाट बघताहेत! एवढंच मागितलंय त्यांनी."

"तेच तर," मामा म्हणाले. "एकदा मी तिच्या बापाच्या तोंडात खोटा आवाज घातला. आता परत घालू?"  मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पण नाही घातला, तर तिला काय देऊ मी? शब्द दिलाय." लॅपटॉप बंद करून ते उठले आणि काही न ठरवताच खाली गेले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, आणि त्यांची कीवही आली.

रविवारी दिवाणखाना गच्च. पडदे ओढलेले, चादर ताणलेली. मामी पुढच्या खुर्चीत, लग्नातलीच साडी नेसून. भाऊ घसा खाकरत उभे. मी मामांकडे बघत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. आणि सुरू झालं! काय सांगू! वरात आली तशा खुर्च्या खडखडल्या, टेलर काका ओरडले, बायका खिदळल्या, बांगड्या किणकिणल्या. पडद्यावरचे ते पुसट, मुके लोक धडाधड जिवंत व्हायला लागले. "अय्या, ही माझी आत्या!" "हा बघ, ह्यानंच लाडू चोरले!" मी तांदूळ उधळत होते आणि मला हुंदका की हसू काय ते कळत नव्हतं. अंतरपाट धरला. पडद्यावरच्या काकांनी हात वर केला, इकडे टेलर काकांनी आरोळी दिली, "गट्टी मेळ! गट्टी मेळ!" आणि ढोल असा कडाडला की खिडकीच्या काचा थरथरल्या.

अप्पा पुढे आले. भाऊंनी छाती भरून श्वास घेतला.

मामांनी हात वर केला. ढोल बंद. सनई बंद. दुसरा हात त्यांनी भाऊंच्या खांद्यावर ठेवला आणि मान हलवली. नाही.

खोलीत आता नुसता प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता.

"भाऊ, गा की!" मामी मागे वळून म्हणाल्या. "गा ना, अप्पा आले बघ!"  मामींनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. मग उठल्या. चादरीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या, इतक्या जवळ की अप्पांचा अर्धा चेहरा त्यांच्या पाठीवर पडला. मामा हात बांधून, मान खाली घालून उभे. आयुष्यात इतकं घाबरलेलं मी त्यांना बघितलं नव्हतं.

"हे गात नाहीत," मामी म्हणाल्या. मग, "अहो, रडताहेत. अप्पा रडताहेत."

"होय गे," मामा म्हणाले. "तुला गाणं द्यायचं कबूल केलं होतं मी. पण ते गायलेच नाहीत."

मला वाटलं, आता या कोसळणार. मी पुढे झाले. पण मामी वळल्या, आणि त्यांचा चेहरा! गाल ओले, आणि डोळ्यांत असा आनंद, की मी तिथंच थांबले.

"अगं, ऐकलंत का सगळ्यांनी!" त्या बायकांना म्हणाल्या, जोरात, अगदी मिरवत. "तुझ्या लग्नात गायले. तुझ्या लग्नात गायले. हिच्या दोन्ही बहिणींच्या लग्नात गायले, पाणीसुद्धा न पिता! आणि माझ्या लग्नात गाता नाही आलं त्यांना! माझ्या!"